‘बहात्तरच्या आधी दुष्काळ नव्हता’ म्हणणाऱ्या मेसेजला सोलापूरकडून उत्तर

मघा कोरड्या जायला लागल्या की तो मेसेज उगवतो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला, खाली सतरा जणांनी हात जोडले. मजकूर थोडक्यात असा:

‘आपल्या सोलापूर जिल्ह्यात १९७२ च्या आधी दुष्काळ हा शब्दच नव्हता. मृगाला पाऊस म्हणजे पाऊस. भीमा, सीना, माण बारमाही वाहायच्या. महापूर नाही, गारपीट नाही. आता पाऊस निम्म्यावर आला, कारण आपण झाडं तोडली. बहात्तरला निदान प्यायला पाणी तरी होतं, आज तेही नाही. पटलं तर पुढे पाठवा आणि एक झाड लावा.’

ग्रुपवर मामांना उलटून बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे सविस्तर लिहितो.

‘दुष्काळ हा शब्दच नव्हता.’

मामा मूळचे मंगळवेढ्याचे. दामाजीपंतांचं देऊळ असलेल्या गावच्या माणसानं हे वाक्य पुढे ढकलावं, याला काय म्हणावं! पंधराव्या शतकात मंगळवेढ्याला बहामनी सुलतानाचे अधिकारी असलेल्या दामाजींनी सरकारी कोठारं फोडून उपाशी माणसांना धान्य वाटलं. पुढे विठोबानं महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात रक्कम भरली, हा भाग श्रद्धेचा. पण कोठार फोडायची वेळ का आली, हे त्या कथेतच आहे. त्याच्याही आधीचा, बारा वर्षं चालला म्हणतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या बोलण्यात आजही येतो. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. ते देहूचं, म्हणजे याच भीमेच्या खोऱ्यातलं. १७९१ च्या दुष्काळाला तर कवटीचा दुष्काळ असंच नाव पडलं. पुरायला माणसं उरली नाहीत आणि रानोमाळ कवट्या दिसायच्या, म्हणून.

सोलापूर शहरातलं सिद्धेश्वराचं तळं घ्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांना हाताशी धरून ते खोदलं. ज्या मुलखात पाऊस वेळेवर आणि नद्या बारमाही, तिथला संत तळी खोदत बसत नाही.

इंग्रजांच्या काळात तर लेखी हिशेबच आहे. शहराजवळचा हिप्परगा तलाव, सरकारी कागदांतला एकरुख, १८७१ मध्ये पुरा झाला. म्हणजे ज्या महादुष्काळाची इतकी चर्चा होते, त्याच्याही आधी सरकारला या जिल्ह्यात पाणी अडवायची गरज वाटली होती. मग १८७६ साल आलं. पाऊस मृगाला फसला आणि परतीचाही फसला. या जिल्ह्याचं खरं पीक रब्बीचं, त्यामुळे परतीचा पाऊस गेला की वर्ष गेलं. १८७२ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख १८ हजारांच्या आसपास होती. १८८१ मध्ये ती ५ लाख ८२ हजारांवर आली. पाचातलं जवळपास एक माणूस कमी. सगळे मेले नाहीत. पुष्कळ जण गुरं घेऊन निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात निघून गेले, म्हणून तर १८९१ ला आकडा पुन्हा साडेसात लाखांवर गेला. पण १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ पाठोपाठ आले आणि १९०१ ला तो परत खाली घसरला. जनगणनेचा हा कागद म्हणजे या जिल्ह्याच्या दुष्काळांचा आलेखच आहे.

१८७७ मधली आणखी एक गोष्ट मामांना आवडेल, कारण ते जन्मभर युनियनमध्ये होते. दुष्काळी कामांची पाहणी करायला भारत सरकारनं पाठवलेले सर रिचर्ड टेंपल आले आणि त्यांनी मजुरी कापली: मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका पुढे होते. पुढे दुष्काळ आयोग बसला, दुष्काळ संहिता आली. माढ्याकडचा आष्टीचा तलाव याच दुष्काळातल्या मजुरांच्या घामाचा. आष्टीचं पाणी पिणाऱ्या कुणी हा मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्यानं एकदा बांधावर जाऊन यावं.

‘पाऊस निम्म्यावर आला.’

इथे साधा गुणाकार करून बघा. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ती निम्म्यावर आलेली असेल, तर पूर्वी इथे अकराशे मिलिमीटर पडत असणार, म्हणजे नागपूरएवढा. मग आपले आजे-पणजे भाताऐवजी ज्वारी का पेरत होते? मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते हौसेनं नाही. काळ्या रानात मुरलेल्या परतीच्या ओलीवर, वरून थेंब न पडता उभी राहणारी मालदांडी ज्वारी हे कमी पावसाचं पीक आहे. करडई तशीच. सांगोला-आटपाडीकडचं खिलार जनावर तसंच, काटक आणि लांब चालणारं. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात दूरच्या मुलखात उतरणारे धनगरवाडे काही पर्यटनाला जात नव्हते. पाऊस मुबलक असता, तर यातलं काहीच इथे रुजलं नसतं.

हे भूगोलाचं आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर ओतून ढग पुढे येतात ते रिकामे. आपण पर्जन्यछायेत आहोत, आणि सह्याद्री काही बहात्तरला उगवला नाही. आपला सर्वांत पावसाळी महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. बंगालच्या उपसागरातून पट्टे सरकत येतात तेव्हा उत्तरा आणि हस्त आपल्याला तारतात. ते पट्टे कधी येतात, कधी वाटेतच विरतात. म्हणून आपल्या पावसाबद्दल एकच गोष्ट भरवशाची: त्याचा भरवसा नाही.

जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘न पडतील मघा, तर वरती बघा’ ही म्हण काय भरपूर पावसाच्या मुलखात झाली असेल? ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ यातला तो ‘तर’ नीट ऐका. माझी आजी हस्त संपेपर्यंत कणगीतलं धान्य विकू द्यायची नाही. दोन वर्षांचं घरात हवं, हा तिचा कायदा. ‘मृगाला पाऊस म्हणजे पाऊस’ असं असतं, तर तिला काय कणगीची हौस होती?

‘नद्या बारमाही. महापूर नाही, गारपीट नाही.’

माणगंगा बारमाही! सांगोल्यात हे वाक्य वाचून लोक हसतील. माण ही कोरड्या वाळूची नदी, आणि वर कुठे तरी ढग फुटला तर रात्रीत दोन्ही तीर खाणारी. याला साक्षीदार थेट दिल्लीचा बादशहा आहे. सातारा आणि परळी हे किल्ले घेऊन औरंगजेबाची छावणी १७०० च्या पावसाळ्यात माणकाठी खवासपूरला पडली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री पूर आला आणि तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली. मराठे आले या समजुतीनं गोंधळ उडाला, घाईत उठताना बादशहाचा पाय घसरला, गुडघा निखळला आणि मरेपर्यंत तो लंगडत राहिला. पदरच्या खुशमस्कऱ्यांनी सांगितलं, हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा! वर्षभर वाळू दाखवणाऱ्या नदीनं हे केलं.

तेव्हा ‘पूर्वी पूर नव्हते’ हे खोटं. पण या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य करायला हवी. मध्य भारतात १९५० नंतर थोड्या वेळात धो-धो कोसळणाऱ्या पावसाच्या घटना वाढल्या आहेत, हे हवामानशास्त्रज्ञांनी नोंदींवरून दाखवलंय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा: सांगोल्याची डाळिंबं आणि पंढरपूरकडची द्राक्षं काढणीच्या तोंडावर झोडपली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरात चंद्रभागा वाळवंट सोडून वर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं माढा, मोहोळ, करमाळा बुडवलं. ज्या गावांत आदल्या वर्षी टँकर फिरत होते, तिथे बोटी आल्या. मेसेज लिहिणाऱ्यानं ‘पाऊस कमी झाला’ऐवजी ‘पाऊस बेभरवशी होता, तो आणखी बेभरवशी होतोय’ असं लिहिलं असतं, तर मीही पुढे पाठवला असता.

‘बहात्तरला निदान पाणी तरी होतं.’

मेसेजमधलं हे एकच वाक्य मला अर्धं पटतं. बहात्तरमध्ये धान्य नव्हतं. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले, ती चव अजून पुष्कळांच्या जिभेवर आहे. पण बऱ्याच गावांत आडात, विहिरीत तळाला का होईना, पाणी होतं. आता रेशनवर धान्य आहे आणि बोअर पाचशे-सातशे फुटांवर गेली तरी धुरळा निघतो. निरीक्षण बरोबर, फक्त त्याचं कारण आभाळात शोधणं चूक.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वाळूसारखं पाणी तो धरत नाही, फटींतून आणि वरच्या मुरमातून जेवढं मुरेल तेवढंच. मोटेच्या काळात बैल थकले की उपसा थांबायचा. वीज आणि बोअर आली आणि थकणारं कुणी उरलं नाही. वर पीक कोणतं? उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागतं, पडतो साडेपाचशे. उरलेलं कालव्यातून नाही तर जमिनीतून. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा आपलाच, पर्जन्यछायेतला! तुटीच्या खोऱ्यांत बारमाही पिकं नकोत, हे माधवराव चितळ्यांच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं. भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, तरी २०१६, २०१९, २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण उणे टक्क्यांत होतं, म्हणजे वापराचं पाणी संपून मृत साठ्यात उतरलं होतं. आणि धरणापासून फार लांब नसलेली मंगळवेढ्याच्या दक्षिणेची गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडत राहिली.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, माझ्या चुलत्यांचाही दोन एकर आहे. उसाचा दर कायद्यानं बांधलेला आहे, कारखाना तोडणी पाठवतो, बिल उशिरा का होईना येतं. ज्वारीला यातलं काय आहे? शेतकरी अडाणी म्हणून ऊस लावत नाही, हिशेब कळतो म्हणून लावतो. तो हिशेब ठरवणारे वेगळे.

बहात्तरबद्दलची एक गोष्ट मेसेज सांगत नाही, ती मी सांगतो. पाऊस १८७६ लाही गेला आणि १९७२ लाही गेला. पहिल्या वेळी जिल्हा ओस पडला, दुसऱ्या वेळी पडला नाही. वसंतराव नाईकांच्या सरकारनं मागेल त्याला काम काढलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. वि. स. पाग्यांची रोजगार हमीची कल्पना त्यातून मोठी झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तीस वर्षांच्या आत देशानं ती उचलली. त्या कामांवर हाल झाले, हजेरीपटात चोऱ्या झाल्या, हेही खरं. पण लोक जगले. हे कर्तृत्व आपल्या आई-आज्यांच्या हातांचं आहे, आणि ‘निसर्ग कोपला’ म्हणताना ते पुसलं जातं.

‘झाडं तोडली म्हणून. एक झाड लावा.’

१८७७, १८९९, १९७२, २०१५, २०२३ ही सगळी एल निनोची वर्षं. प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस ओढ देतो. बार्शीतल्या बाभळींचं त्यात काही चालत नाही. झाडांनी माती धरते, पाणी मुरतं, सावली मिळते, हे सगळं मान्य. पण सोलापूर जिल्ह्यात घनदाट जंगल होतं आणि ते आपण तोडलं, ही कल्पना कुठून आली कळत नाही. इथला मूळ निसर्ग म्हणजे माळ. नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोक झाडावर बसत नाही, दाट झाडीत राहत नाही. त्याला उघडं, गवताळ, लांबवर दिसणारं रान लागतं. काळवीट आणि लांडगाही तिथलेच. त्या माळाला ‘पडीक’ म्हणून आपणच वाया घालवलं, आणि तिथे खड्डे घेऊन रोपं लावायला आजही शाळेच्या पोरांच्या ट्रिपा जातात.

मामा, झाड जरूर लावा. घराच्या मागे लिंब लावा, बांधावर बोर-बाभूळ राहू द्या. पण पुढच्या रविवारी ग्रुपवाल्यांना घेऊन नान्नजच्या माळावर वृक्षारोपणाला निघालात, तर फावडी मी लपवणार आहे.