फ्रान्स मालीत सोन्यासाठी गेला नव्हता

एक मजकूर बरेच दिवस ग्रुपांवर फिरतोय. सारांश असा: पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशात फ्रान्सने 2013 मध्ये फौज धाडली ती सोनं आणि युरेनियम लुटायला, दहशतवादी हे निमित्त, 14 आफ्रिकी देश आजही फ्रान्सला ‘वसाहत कर’ भरतात, आणि फ्रेंचांना हाकलल्यावर तिथे शांतता आली.

फ्रान्सची वकिली करण्यात मला रस नाही. पण खटला चुकीच्या कलमाखाली भरला की आरोपी सहीसलामत सुटतो.

‘सोन्यासाठी’: तेव्हा मालीतल्या मोठ्या खाणी कोणाकडे होत्या? लुलो-गुंकोतो जर्सीत नोंदलेल्या रँडगोल्डकडे, 2019 पासून कॅनडाच्या बॅरिककडे. फेकोला 2014 पासून कॅनडाच्याच बीटूगोल्डकडे. स्यामा ऑस्ट्रेलियाच्या रेझोल्यूटकडे. शिवाय या खाणी देशाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला. फ्रेंच जवान मरत होते ते उत्तरेच्या वाळवंटात.

‘युरेनियमसाठी’: मालीत युरेनियमची चालू खाणच नव्हती. ती शेजारच्या नायजरमध्ये, आर्लितला. तिथे मात्र आरोपात तथ्य आहे. खाणीत मोठा हिस्सा फ्रेंच सरकारी कंपनीचा होता. पण फ्रान्स कझाकस्तान, उझबेकिस्तान, कॅनडाकडूनही युरेनियम घेतो. 2023 अखेर नायजरमधून फौज निघाली, 2025 मध्ये खाणीचं राष्ट्रीयीकरण झालं. पॅरिसमधले दिवे काही गेले नाहीत.

मग फ्रान्स गेला कशाला? 10 जानेवारी 2013 ला जिहादींनी मालीच्या मध्यभागातलं कोना हे गाव घेतलं. हंगामी राष्ट्राध्यक्ष त्राओरेंनी मदत मागितली, दुसऱ्या दिवशी फ्रेंच विमानं आली. टिंबक्टूत लोकांनी त्यांचं जल्लोषात स्वागत केलं. इथवर ठीक. पण पाहुणा नऊ वर्षं राहिला, वर्षाला कोट्यवधी युरो ओतत, पन्नासहून अधिक जवान गमावत. लुटारू असता तर हा आतबट्ट्याचा धंदा कधीच गुंडाळला असता. पाटीलकी गेली तरी चावडीवरचा मान सोडवत नाही, तसं हे होतं. सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेचा रुबाब, आफ्रिकेतले जुने तळ, आणि ‘इथलं आम्हालाच कळतं’ ही खात्री.

उत्तर मालीतल्या किदालचं उदाहरण घ्या. 2013 च्या जानेवारीअखेर फ्रेंच फौज या शहरात शिरली, पण मालीच्या सैन्याला सोबत नेलं नाही. जिहादींविरुद्ध वाटाड्या म्हणून उत्तरेत वेगळं राज्य मागणारे तुआरेग जमातीचे बंडखोर उपयोगी पडत होते, त्यांना दुखवायचं नव्हतं. लष्करी हिशेब बरोबर असेलही. पण राजधानी बामाकोतल्या माणसाला दिसलं ते एवढंच, की स्वतःच्या शहरात जायला आपल्या सैन्याला परक्याची परवानगी लागते. हा राग सोन्याच्या खाणीपेक्षा खोल आहे. पुढे जानेवारी 2020 मध्ये मॅक्रॉन यांनी साहेलच्या (सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या) पाच राष्ट्राध्यक्षांना फ्रान्समधल्या पो या शहरी बोलावून घेतलं: आमचं सैन्य हवं की नको, उघड सांगा! मित्रांशी कोणी असं बोलत नाही.

‘कर’ हा तर शुद्ध गैरसमज. त्या 14 देशांत चालणाऱ्या सीएफए फ्रँक या चलनाच्या नियमानुसार निम्मी परकीय गंगाजळी फ्रेंच तिजोरीत ठेवावी लागे. पैसा त्या देशांचाच, त्यावर व्याजही. पश्चिम आफ्रिकेच्या आठ देशांसाठी ही अट काढायचं डिसेंबर 2019 मध्ये ठरलं. चलनाची दोरी युरोला बांधलेली आहे, ही तक्रार रास्त आहे. ती जरूर करा. आणि त्या 14 पैकी गिनी-बिसाऊ आणि विषुववृत्तीय गिनी या फ्रान्सच्या वसाहती कधी नव्हत्याच.

राहिली ‘शांतता’. मार्च 2022 मध्ये, फ्रेंच अजून निघत असतानाच, मूरा गावात मालीचं सैन्य आणि त्याच्या सोबतच्या परदेशी सैनिकांनी किमान 500 माणसं मारली, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. शेवटचा फ्रेंच जवान त्याच ऑगस्टमध्ये गेला. 2025 मध्ये जिहादींनी बामाकोकडे येणारे टँकर जाळले, आणि इंधनाअभावी देशभरातल्या शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या.