हक्कसोड

बाबांना जाऊन वर्ष झालं. कराडजवळच्या आमच्या साडेतीन एकराच्या सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला, "कुलमुखत्यारपत्र पाठव, हक्कसोड करून घेऊ. उगाच तुकडे नकोत." हक्कसोड म्हणजे आपला वाटा लिहून सोडून देणं. लग्न झालेल्या बहिणीने माहेरच्या शेतात नाव ठेवावं का, हा वाद आज गावाकडे घरोघरी आहे.

मी राहते स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनशायरला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथल्या शेतकरी घरांनी तुकडे होऊच दिले नाहीत. बहुतेक जण कुळं, जमीनदाराकडून एकोणीस-एकोणीस वर्षांच्या कराराने शेत घेतलेले. पण कूळहक्क असो की मालकी, मृत्युपत्र नसेल तर सगळं थोरल्या मुलाकडे. हा कायदा १९६४ पर्यंत टिकला! मग धाकटे काय करायचे? आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसे इथे मे आणि नोव्हेंबरात गडी ठरवायचे बाजार भरत. शेतकरी हातावर शिलिंग ठेवून इसार द्यायचा आणि पोरगा आपली लाकडी पेटी उचलून सहा महिन्यांसाठी दुसऱ्याच्या शेतावर जायचा. झोपायला तबेल्यालगतची खोली. न्याहारीला ब्रोझ, म्हणजे ओटच्या पिठावर उकळतं पाणी. कितीतरी जण कॅनडा, न्यूझीलंडला गेले ते गेलेच. बहिणी लग्न होईपर्यंत परक्या गोठ्यात धारा काढत नाहीतर परक्या चुलीपुढे राबत.

जमीन एकसंध राहिली खरी, पण तिची किंमत या पोरापोरींनी मोजली.

आणि घरची बाई? लोणी, चीज, कोंबड्या, अंडी तिच्याकडे, शिवाय गड्यांचा स्वयंपाक. जनगणनेच्या कागदावर मात्र 'शेतकऱ्याची बायको' एवढीच ओळख. आमच्या गावच्या चर्चमागे त्या काळातले दगड आहेत. नवऱ्याच्या नावाखाली 'शेतकरी' आणि शेताचं नाव कोरलेलं, त्याखाली तिचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट, तशी इथली रीतच. एका दगडावर शेवाळ होतं, ते बोटाने खरवडून मी तिचं आडनाव वाचलं. तिच्या नावापुढे शेत नाही.

दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रात्री दोनला लाईट आली की मोटर चालू करायला तोच जातो. मी वर्षातून एकदा येते, बांधावर फोटो काढते. त्याच्या कष्टावर माझा काडीचा हक्क नाही. पण महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित जमिनीत मुलींना वाटा दिला, तो आपण घरातल्या घरात एका सहीने परत घ्यायचा? आत्यांनी सही केली होती. पुढे नवरा गेल्यावर थोरली आत्या माहेरी आली, आणि भावाच्या ओसरीवर पाहुणीसारखी राहिली. मी ते पाहिलंय.

म्हणून सही मी करणार नाही. जमीन दादानेच कसावी, ऊस सगळा त्याचा, बिलही त्याचंच, मला वाटणी करून नको. नाव तेवढं राहू दे. आणि त्याच सातबाऱ्यावर वहिनीचंही लागू दे. पहाटेपासून गोठा आणि खुरपणी तीच करते. नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे. डिसेंबरात येतेय. तेव्हा तलाठ्याकडे आम्ही तिघं मिळून जाऊ, असं दादाला लिहून पाठवलंय.