ऑक्सिजनची ‘सवय’ लागते म्हणे!

‘सातव्या महिन्यात झालेल्या बाळाला घरी ऑक्सिजन लावू नका, सवय लागते. बाळ गुलाबी दिसतंय तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला? सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रा! वजन वाढलं की सगळं आपोआप बरं होतं. तोवर ओवा-वेखंडाची धुरी द्या.’ आयांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय.

आधी सवयीचं बघू. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात हवेच्या पिशव्या कमी असतात, त्यांना बिलगलेल्या रक्तवाहिन्याही कमी. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून मोजून ३६ आठवडे भरण्याच्या सुमारासही ऑक्सिजन लागत असेल तर त्या आजाराला बीपीडी (ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया) म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला की या वाहिन्या आकसतात, त्यांच्यातला रक्तदाब चढतो (यालाच पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात) आणि हृदयाची उजवी बाजू दमते. ऑक्सिजन त्यांना सैल करतो. म्हणजे तो इथे औषधच आहे. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, साधारण ९२ ते ९५ टक्के ठेवतात ते यासाठी. आणि नळी काढायची ती झोपेतल्या सॅच्युरेशनचं रेकॉर्डिंग बघून, शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून नव्हे.

गुलाबी गालांवर तर अजिबात विसंबू नका. निळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत सॅच्युरेशन बहुधा ८५ च्याही खाली गेलेलं असतं. पाळण्यात ९४ दाखवणारं बाळ दूध ओढताना ८७ वर येतं, तेव्हाही गाल तसेच! मध्यम-गंभीर बीपीडीच्या चार-पाच बाळांत एकाला तरी फुफ्फुसातला हा वाढलेला दाब सापडतो. इको नाही केला तर तो कळणार कसा?

व्हायग्रा? सिल्डेनाफिल हे हा दाब उतरवायला दिलं जाणारं औषध. रेणू तोच, कबूल. पण तो फुफ्फुसातल्या वाहिन्याही सैल करतो. मोठ्यांमधल्या फुफ्फुसाच्या या उच्च रक्तदाबासाठी ते अमेरिकेत २००५ पासून मान्य आहे. २०१२ मध्ये तिथल्या औषध नियामकाने मुलांबाबत इशारा दिला होता, हेही खरं. २०१४ मध्ये त्यांनीच ती सरसकट बंदी नसल्याचं स्पष्ट केलं. बीपीडीतला पुरावा मात्र अजून तोकडा आहे, म्हणून डोस तज्ज्ञानेच ठरवावा. मेसेज वाचून एकदम बंद केलंत तर दाब उसळू शकतो.

वजनाचं अर्धं खरं आहे. फुफ्फुस वाढतं तसा बऱ्याच मुलांचा दाब उतरतो. पण दूध श्वासनलिकेत जात असेल, सर्दी-खोकला सारखा छातीत उतरत असेल, तर नुसतं वजन काय करणार?

राहिली धुरी. या फुफ्फुसांना धूर नकोच, कसलाही. त्यात नाकाला ऑक्सिजनची नळी आणि शेजारी पेटलेले निखारे. आग लागायला आणखी काय हवं?