प्लास्टिकच्या बादलीतही करंट लागतो, मोठे बाबा

गेल्या रविवारी दर्यापूरहून गावी गेले, तर न्हाणीच्या दाराशी पाणी तापवायचा नवाकोरा रॉड टांगलेला. आमच्या घरात नऊ माणसं. चार म्हशी आहेत, त्यामुळे दुधाच्या कॅन बाराही महिने गरम पाण्यानं धुवाव्या लागतात. मोठ्या आईचे गुडघे शेकायचे असतात ते वेगळंच. म्हणून दिवाळीपासून आमचं हीट पंपाचं, म्हणजे हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या मशीनचं, ठरत होतं, ते मोडलं. कारण मोठ्या बाबांच्या मोबाइलवर आलेला एक मेसेज. "काहून इतका खर्च कराचा माय, रॉडनं भागते नं," म्हणत त्यांनी तो मला अख्खा वाचून दाखवला.

मेसेज सांगतो की एक युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता मिळणं अशक्य, म्हणून हीट पंप ही फसवणूक आहे. थंडीत तो बंद पडतो, त्यातला गॅस पाण्यात उतरून कॅन्सर होतो, खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही, आणि फाइव्ह स्टार गीझरही तेवढीच बचत करतो. शेवटी सल्ला असा की सगळ्यांत स्वस्त नि सुरक्षित म्हणजे प्लास्टिकच्या बादलीत रॉड. प्लास्टिकमधून करंट जात नाही, म्हणून अर्थिंगही लागत नाही म्हणे.

मी शेवटापासूनच सुरुवात करते, कारण या सल्ल्यानं माणूस मरू शकतो.

प्लास्टिकमधून करंट जात नाही, हे खरं. धोका नेमका तिथेच आहे. रॉडच्या नळीला बारीक चीर पडली की पाण्यात करंट उतरतो. बादली प्लास्टिकची, खाली वाट नाही, म्हणून तो पाण्यात तसाच थांबतो. वरून काही कळत नाही. मग कुणीतरी पाणी तापलं का बघायला बोटं बुडवतं. पाय ओल्या फरशीवर असतात. करंटला वाट मिळते ती त्या माणसाच्या अंगातून. आणि आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. क्षार जास्त असलेल्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते, शिवाय रॉडवर क्षारांचा पांढरा थर चढतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि नळी लवकर खराब होते.

"एमसीबी पडेल नं," असं चुलतभाऊ म्हणाला. एमसीबी म्हणजे वायरिंगवर जास्त भार आला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका. नाही पडणार. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, एमसीबी १६ अँपिअरचा. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट तो ताडून बघतो आणि फरक पडला की वीज तोडतो. गावात किती घरांत तो आहे, हे ज्यानं-त्यानं आपल्या बोर्डाकडे बघून सांगावं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वहिनीला जुन्या रॉडचा झटका बसला तेव्हा बटन बंद होतं. नंतर टेस्टर लावला तर बटन बंद असतानाही प्लगमध्ये दिवा लागला. वायरमननं बटनातून फेजऐवजी न्यूट्रल नेला होता. म्हणजे बटन बंद केलं तरी रॉडमध्ये वीज होतीच. तेव्हापासून मी सांगते आहे की प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. आणि तरीही हा मेसेज घरात येतो, वर ‘सुरक्षित’ म्हणून!

आता ‘अशक्य’चं बघू. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून याचा जास्त राग येतो. फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावा, गरम लागतो. आतली उष्णता उपसून तो बाहेर टाकतो. हीट पंप तेच उलट्या बाजूनं करतो, हवेतली उष्णता उपसून पाण्यात सोडतो. वीज लागते ती उपसायला. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, वर आणते, तसंच हे. ही कल्पना लॉर्ड केल्विननं १८५२ मध्येच मांडली होती. अमेरिकेचा ऊर्जा विभाग स्पष्ट सांगतो की साध्या विजेच्या गीझरपेक्षा हीट पंप दोन ते तीन पट कार्यक्षम असतो.

आमच्या घरचा हिशेब करा. रोज १५० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ३,७५० किलोकॅलरी लागतात. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, तेव्हा रॉड असो की गीझर, साधारण ४.४ युनिटं जातातच. हीट पंपाला दीड ते पावणेदोन. महिन्याला ८० च्या आसपास युनिटं वाचतात, आणि तीही बिलाच्या वरच्या, महागड्या स्लॅबमधली.

फाइव्ह स्टार गीझरचं उत्तर त्याच्या लेबलवरच आहे. ते स्टार, भरलेल्या टाकीतून २४ तासांत किती उष्णता निसटते त्यावरून मिळतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्यानं कमी होत नाही.

थंडीचं म्हणाल तर बऱ्याच जुन्या फ्रिजमध्ये नि अनेक हीट पंपांत वापरला जाणारा आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो. आपल्या पौषातल्या आठ-नऊ अंशांच्या हवेतही त्याला पुरेशी उष्णता मिळते. तेव्हा मशीन हळू चालतं, वीज थोडी जास्त घेतं, एवढं मान्य. गॅस बंद नळीत फिरतो, पाण्यात मिसळत नाही. कॅन्सरची गोष्ट निव्वळ थाप आहे.

खाऱ्या पाण्याचं मात्र अर्धं खरं आहे. क्षार हीट पंपाच्या टाकीतही बसतात, पण ते गीझरच्या आणि सोलरच्याही वाट्याला येतात. टाकीतला अ‍ॅनोड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी, वेळेवर बदलावा लागतो, साफसफाई करावी लागते. किंमतही साध्या गीझरच्या कित्येक पट आहे. घरात दोनच माणसं असतील आणि गरम पाणी हिवाळ्यातले दोन महिनेच लागत असेल, तर घेऊ नका, पैसे वसूल होणार नाहीत.

घ्यायचाच तर दुकानदाराला विचारा, सीओपी (एक युनिट विजेत किती युनिटं उष्णता मिळते तो आकडा) किती आणि तो किती अंशांच्या हवेला मोजलाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेवढ्या हवेत मशीन चालवायला कंपनीची परवानगी आहे का, तेही बघा. दुरुस्तीला माणूस अमरावती-अकोल्याहून येतो की नागपूरहून, हेही विचारा. व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लागेल. बंद खोलीत ठेवायचा तर ती किमान १० बाय १० फुटांची आणि १० फूट उंच हवी. अमेरिकेचा तो विभाग १,००० घनफूट हवा सांगतो. आमची मागची पडवी उघडीच आहे, तिथली जागा मी मोजून आले.

त्याच दिवशी आरसीसीबी बसवून घेतला. रॉड दुकानदारानं परत घेतला नाही, म्हणून मी त्याची वायर मुळापासून कापली. मोठे बाबा अजून रुसलेले आहेत.