वर्ष उलटले की खुनाचा गुन्हा लागत नाही?

मारहाणीत जबर जखमी झालेली व्यक्ती काही वर्षांनी दगावली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: मारहाणीला एक वर्ष आणि एक दिवस उलटला असेल तर आपल्याकडे खुनाचा गुन्हा लागत नाही, आरोपीने शिक्षा भोगली असेल तर त्याच्यावर पुन्हा खटला चालत नाही, सासरच्या छळात लग्नाला सात वर्षे झाली की कायदा हात झटकतो, मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या हल्लेखोरावर २०१५ मध्ये खुनाचा खटला झाला नाही तो यामुळेच, म्हणून हत्येची व्याख्याच बदलायला हवी. यामागचा संताप रास्त आहे, पण कायद्याविषयीची माहिती बहुतांशी चुकीची आहे, आणि चुकीच्या माहितीवर मागितलेली सुधारणा भलत्याच ठिकाणी होते.

‘एक वर्ष एक दिवस’ हा नियम मुळात इंग्लंडचा आहे. तिथल्या संसदेने तो १९९६ मध्ये रद्द केला आणि इजेनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने मृत्यू झाला असेल, किंवा आरोपीला त्याच घटनेबद्दल आधी शिक्षा झाली असेल, तर खटल्यासाठी अ‍ॅटर्नी जनरलची संमती आवश्यक केली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्यावरील १९८१ च्या हल्ल्यात जखमी झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी २०१४ मध्ये वारले. वैद्यकीय परीक्षकाने ती हत्या ठरवली, तरी सरकारी वकिलांनी खटला न भरण्याच्या कारणांत याच जुन्या नियमाचा दाखला दिला. बहुधा अशाच बातम्यांतून तो आपल्या संदेशांत उतरला असावा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत मात्र अशी कालमर्यादा नव्हती आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही नाही. जुने कलम २९९, म्हणजे नवे कलम १००, दिवस मोजत नाही. ते कृत्य, हेतू किंवा जाणीव, आणि त्यातून ओढवलेला मृत्यू एवढेच विचारते. आधीच आजारी असलेल्याचा मृत्यू इजेमुळे लवकर ओढवला, तरी तो इजा करणाऱ्यानेच घडवला असे मानले जाते, आणि योग्य उपचारांनी जीव वाचू शकला असता ही सबबही चालत नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांत लिहिले आहे. २०२३ मध्ये प्रसाद प्रधान खटल्यात हल्ल्यानंतर सुमारे वीस दिवसांनी मृत्यू झाला होता. केवळ काळ लोटला म्हणून खुनाचा गुन्हा सौम्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. खटला दाखल करण्याची मुदतही फक्त तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे.

दुसरा मुद्दा दुहेरी शिक्षेचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) नुसार एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होत नाही, एवढेच वाचून संदेश लिहिणारा थांबला आहे. ‘एकाच अपराधासाठी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३००(३), जे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आले आहे, स्पष्ट सांगते की शिक्षा झाली त्या वेळी जो परिणाम घडलेला नव्हता, तो नंतर घडून वेगळा अपराध बनला, तर त्या अपराधासाठी पुन्हा खटला चालवता येतो. कलमाखालचे उदाहरणच असे आहे: ‘अ’ला जबर दुखापतीबद्दल शिक्षा झाली, जखमी माणूस नंतर मरण पावला, ‘अ’वर सदोष मनुष्यवधाचा खटला चालू शकतो. ही तरतूद १८९८ च्या संहितेतही होती. खटला प्रलंबित असतानाच मृत्यू झाला तर काम आणखी सोपे; पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘कलम वाढते’. एक मर्यादा मात्र खरी आहे: हा अपवाद शिक्षा झालेल्यासाठी आहे, निर्दोष सुटलेल्यासाठी नाही.

आता अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी, जवळपास ४२ वर्षे अंथरुणाला खिळून, त्या न्यूमोनियाने गेल्या. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि लूट यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. म्हणजे ठार मारण्याचा हेतू न्यायालयात आधीच सिद्ध झाला होता आणि कलम ३००(३) ची वाटही मोकळी होती. खटला उभा राहिला असता तर बचाव पक्षाने सहासष्टाव्या वर्षीच्या न्यूमोनियाकडे बोट दाखवले असते आणि १९७३ च्या इजेपासून त्या न्यूमोनियापर्यंतची साखळी डॉक्टरांना कडीकडीने जोडून दाखवावी लागली असती. ती जुळली असती, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण ही अडचण पुराव्याची आहे, व्याख्येची नव्हे.

सात वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. हुंडाबळीच्या कलमात (जुने ३०४ब, नवे ८०) मृत्यू लग्नापासून सात वर्षांच्या आत व्हावा लागतो आणि ‘मृत्यूच्या थोडे आधी’ छळ झालेला असावा लागतो. थोडे आधी म्हणजे लगेच आधी नव्हे, छळ आणि मृत्यू यांत निकटचा संबंध हवा, असे २०२१ च्या सतबीर सिंग निकालात म्हटले आहे. सात वर्षांनंतर खून, आत्महत्येस प्रवृत्त करणे आणि क्रूरता ही कलमे लागू राहतातच. जाते ते आरोपीविरुद्धचे गृहीतक, म्हणजे छळ सिद्ध झाला की मृत्यूलाही तोच जबाबदार असे न्यायालयाने मानून चालणे. तिसऱ्या वर्षी डोक्यात घाव बसलेली आणि आठव्या वर्षी त्यानेच गेलेली विवाहिता त्या गृहीतकाबाहेर पडते. सात वर्षे मृत्यूच्या नव्हे, इजेच्या तारखेपर्यंत मोजावीत, ही मागणी मला योग्य वाटते. कायद्याच्या मजकुरातला मला दिसणारा खरा बदल हाच.

बाकीचे काम कागदांचे आहे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात, म्हणजे नमुना ४ मध्ये, कारणे ओळीने लिहायची असतात: आधी तात्कालिक कारण, मग ते कशामुळे, मग तेही कशामुळे. पहिल्या ओळीत न्यूमोनिया लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, तर नातेवाईक तो दाखला घेऊन थेट स्मशानात जातात, शवविच्छेदन होत नाही, आणि ज्या ठाण्यात जुना गुन्हा नोंदलेला आहे तिथे ही बातमीही पोहोचत नाही. हल्ल्यातील जखमीच्या डिस्चार्ज कार्डावर गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव ठळक छापावे, आणि असा रुग्ण कितीही वर्षांनी दगावला तरी त्या ठाण्याला कळवल्याशिवाय दाखला देऊ नये, असा नियम करायला दंड संहितेतले एक अक्षरही बदलावे लागत नाही.