चार नट तर आहेत!

"चार नट तर आहेत" हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारलं, तर त्याच्या हातात तेरा नंबरचा पाना देऊन मी त्याला गाडीखाली सरकवणार आहे. मग बघू किती नट आहेत ते.

माझी डिझेल हॅचबॅक, वय वर्षं 11. गेल्या महिन्यात गायमुखच्या घाटात तिने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की सायरनसारखी शिट्टी, मागे निळा धूर आणि वेग बैलगाडीचा. घोडबंदर रोडवर तसाही वेग कोणाला मिळतो म्हणा, पण चढावर मागून ट्रेलर हॉर्न मारत असताना हा विनोद सुचत नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, गेला होता. सर्व्हिस सेंटरने 58 हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी विकली तर दीड लाख येताना मारामार!

मग भेटला ऑफिसमधला उंटावरचा शहाणा. "अरे, टर्बोत काय आहे? चार नट, दोन ऑईलचे पाईप, तीन-चार क्लॅम्प. रविवारी सकाळी बसलास की दुपारच्या जेवणाला वर." स्वतः मात्र गाडीत हवाही ड्रायव्हरकडून भरून घेतो. मी व्हिडिओ बघितले. सगळ्यांत गाडी लिफ्टवर चढवलेली, इंजिन घासूनपुसून चकाचक, आणि नेमक्या चौथ्या नटाला कॅमेरा बंद. पुढच्या दृश्यात टर्बो टेबलावर! मधलं कोण दाखवणार?

आमच्या वाघबीळच्या सोसायटीत लिफ्ट आहे ती माणसांची. गाडी खांब आणि शेजाऱ्याची स्कूटर यांच्या मध्ये. जॅक लावला, स्टँड दिले, सात वाजता आत शिरलो. पहिले तीन नट अकरापर्यंत निघाले. चौथा टर्बोच्या मागे, इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या बेचक्यात. दिसत नाही, फक्त बोटांना लागतो. रॅचेट बसत नाही, साधा पाना बसतो पण फिरायला जागा नाही. पाना काढायचा, उलटा करायचा, पुन्हा चाचपडत बसवायचा, चिमूटभर फिरवायचा. गंज सोडवायचं तेल आदल्या रात्रीपासून तीनदा मारलं होतं. मोबाईल दातांत धरून दीड तास हे चाललं. आणि मग 'टक्' झालं. मला वाटलं, सुटला! पुढे तो लोण्यासारखा फिरायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. गंजलेला नट असा कधीच फिरत नाही. नट ज्यावर बसतो ती आट्यांची खुंटी, म्हणजे स्टड, तुटला होता; तोही मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या लोखंडी भागाच्या, अगदी पृष्ठभागाला लागून.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका वाकून म्हणाले, "काय रे, झालं का? सोनारानेच कान टोचावेत." काका, हे सकाळी सातला सांगायचं होतं! तेव्हा चहा पीत उभे होतात ना तिथेच?

मॅनिफोल्ड काढायला आणखी दोन संध्याकाळी गेल्या, त्याच्या नटांची कथा सांगत नाही. बुधवारी अर्धी रजा टाकून तो लोखंडी ठोकळा रिक्षातून वागळे इस्टेटला नेला. वेल्डरने तुटक्या स्टडवर एक मोठा नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंग मारून दोन्ही एकजीव केले, लालबुंद असतानाच पाना लावला आणि फिरवून बाहेर काढला. चार मिनिटं. 300 रुपये. वर विचारतो, "गाडीवरच का नाही बोलावलंत?" मी काय बोलणार?

पण खरा संताप पुढे आहे. टर्बोला तेल पोचवणारा पाईप पेन्सिलीएवढा. तो काढून फुंकर मारली तर हवा जेमतेम पलीकडे गेली. आत काळा, दगडासारखा कोळसा. गाडी तापलेली असताना धाडकन बंद केली की त्यात अडकलेलं तेल जळतं आणि थर साचतो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे मारतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल नाही पोचलं तर त्याचं मरण काही सेकंदांचं. म्हणजे जुना टर्बो मारला तो या पाईपने, आणि हाच पाईप लावला असता तर नवाही गेला असता. आता सांगा, 21 हजारांच्या नव्या टर्बोच्या खोक्यात हा पाईप असावा की नाही? नाही! वॉरंटीच्या कागदावर मात्र मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: पाईप, ऑईल आणि फिल्टर नवे टाकल्याचं बिल नसेल तर वॉरंटी बाद. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, ते सगळ्यांना माहीत असतं." सगळे म्हणजे कोण? आयजीच्या जिवावर बायजी उदार होणारे हेच सगळे ना?

पाईप आला, रविवारी टर्बो बसला. त्याच्या तोंडात तेल ओतून दांडा हाताने फिरवला, डिझेल बंद ठेवून नुसता सेल मारला, तेलाचा दिवा विझल्यावरच गाडी चालू केली. शिट्टी गायब, धूर गायब. मिनिटभर मी स्वतःवर खूश होतो. मग सोसायटीची नोटीस आली: पार्किंगमध्ये दुरुस्ती केल्यास दंड. त्याच पार्किंगमध्ये कोणाचं तरी मोडकं कपाट पाच वर्षं उभं आहे, त्याला नोटीस नाही.

आणि आता रोज सकाळी इंजिनखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसतो. पाईपच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे असतात, एकदा दाबले की ते पुन्हा नीट बसत नाहीत. खोक्यात नव्हते, मी जुनेच लावले. काल दुकानात गेलो. दोन वॉशर, किंमत फार तर वीस रुपये. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "सुटे नाही मिळत. पूर्ण किट घ्या, साडेआठशे."