‘ध्येय भाषणापुरते, संस्था पैशावर चालते’ हे म्हणणे टिकत नाही

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांतून आणि व्हॉट्सॲपवरून एक विधान सध्या सर्रास फिरते. संस्थेचा खरा हेतू नफा हाच असतो, माणसे केवळ पगारासाठी राबतात आणि ध्येय असलेच तर ते संस्थापकाबरोबर संपते, असे ते सांगते. ऐकायला ते व्यवहारी वाटते, म्हणून पटकन पटते. परंतु त्याचा एकेक भाग तपासला पाहिजे.

नफा हाच हेतू, या म्हणण्याला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० मधील लेखाचा आधार दिला जातो. व्यवसायाने नफा वाढवावा, असे त्यांनी लिहिले होते हे खरे. पण फसवणूक न करता आणि खुल्या स्पर्धेचे नियम पाळून, ही त्यांची अट मात्र वाटेत गळून पडते. नफ्यावाचून संस्था तगत नाही, हे मलाही मान्य आहे. तथापि नफा कोणासाठी आणि कोणत्या मार्गाने मिळवायचा, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले, ते घर सांभाळता सांभाळता स्वतःची कमाई व्हावी म्हणून. आजही शाखेत सकाळी मळलेले पीठ वजन करून दिले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी आणलेले पापड तपासून घेतल्यावर त्यांना लाटण्याची मजुरी मिळते. पापड लाटणारी यंत्रे बाजारात कधीच आली आहेत. केवळ नफा पाहणाऱ्या कोणत्याही मालकाने ती केव्हाच बसवली असती आणि त्यात त्याचे काही चुकले असे कोणी म्हटले नसते. परंतु जिथे स्त्रियांना काम मिळावे हाच संस्था काढण्याचा हेतू आहे, तिथे त्या हातांचे काम काढून घेणारी बचत ही बचतच ठरत नाही; म्हणून लाटणे हातानेच राहिले. असे असूनही ही संस्था काही कृपेवर जगलेली नाही. देणग्या न घेण्याचे धोरण ठेवून तिने बाजारात स्वतःचा ग्राहक मिळवला आणि टिकवला.

माणसे पगारासाठीच येतात, यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे मी सोडणार नाही. पगाराच्या जागी ध्येयाची प्रवचने देणारा व्यवस्थापक कामगाराची फसवणूकच करतो. लिज्जतची भगिनी मजुरी घेते, शिवाय ती संस्थेची सहमालकही असते आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. म्हणजे तिथे ध्येय पगाराच्या बदल्यात दिलेले नाही, तर पैसे कसे वाटायचे हे त्यानेच ठरवले आहे.

संस्थापकाबरोबर ध्येय संपते, या दाव्याला तर साताऱ्यातच उत्तर आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९५९ साली ते गेले. त्यानंतर इतकी दशके लोटली, तरी संस्था उभी आहे आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही चालू आहे. गरिबाच्या, बहुजनाच्या मुलाने शिकावे हे ध्येय भाऊरावांनी केवळ व्याख्यानांतून सांगितले नाही; सर्व जातींची मुले एकत्र राहतील, जेवतील आणि श्रम करून शिकतील असे वसतिगृहाचे रोजचे जीवनच त्यांनी आखले. ध्येय एकदा अशा रोजच्या रीतीत उतरले की ते पुढे नेण्यासाठी नव्या माणसाला दुसरा भाऊराव व्हावे लागत नाही. जिथे ते नेत्याच्या वक्तृत्वातच राहते, तिथे ते त्याच्याबरोबर जाते, एवढे मात्र खरे.

शेवटी, ध्येय भाषणापुरतेच असते हे दाखवायला एन्रॉनचा दाखला पुढे केला जातो. सचोटी आणि आदर ही आपली मूल्ये असल्याचे ही अमेरिकन कंपनी जाहीरपणे सांगत असे, आणि २००१ साली हिशेबातील लबाडी उघड होऊन ती दिवाळखोरीत गेली. पण तिथले अधिकारी भविष्यात मिळेल अशा अंदाजित नफ्याची नोंद करार होताच करत आणि त्यावर बक्षिसे घेत. कंपनीचा खरा हेतू त्या बक्षिसांच्या नियमात लिहिलेला होता आणि ती त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिली. तेव्हा एन्रॉन बुडाली ती ध्येय बाळगल्यामुळे नव्हे.